फोटोच्या मागे काय लिहिलंय ते कोण बघतंय

संपादक साहेब, स.न.वि.वि.

साताऱ्यात मोती चौकाच्या खालच्या अंगाला माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे, वडलांनी चालू केलेलं, आता मी बसतो. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, मोबाईलवर टाईप केलंय, चुका सांभाळून घ्या आणि लांबलं तर कात्री लावा, पण शेवटची मागणी तेवढी कापू नका.

आमच्या धंद्याचे सीझन दोनच. एक लग्नसराई आणि दुसरा जयंत्या. ३ जानेवारीला सावित्रीबाई, ११ एप्रिलला जोतिबा, लगेच १४ ला बाबासाहेब, २६ जूनला शाहू महाराज, २२ सप्टेंबरला कर्मवीर अण्णा, म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे भाऊराव पाटील. आदल्या दिवशी संध्याकाळी शिपाई नाहीतर एखादा सर फोटो काखेत मारून येतात, काच तडकलीय, मागचा खिळा निघालाय, बुरशी आलीय, आणि उद्या सकाळी आठला कार्यक्रम आहे तर आजच पाहिजे. वर्षभर कपाटावर पालथा पडलेला फोटो एक दिवस टेबलावर चादर टाकून उभा राहतो, हार घालतात, नारळ फोडतात, की परत कपाटावर. हे चालायचंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझा धंदा त्यावरच आहे.

तक्रार वेगळी आहे. गेल्या महिन्यात तालुक्यातल्या एका शाळेतून (नाव सांगत नाही, सगळीकडे हेच चाललंय) टेम्पोवाला पोरगा दोन पोती घेऊन आला. म्हणला, "मामा, शाळंला रंग दिलाय, समदे फोटो एकसारखे लावायचेत फ्लेक्सचे, ही जुनी लाकडं चांगली हायत, तुमाला लागतील तर ठेवा न्हायतर भंगारात टाकतो." मी म्हणलं ठेव. सागवानी पट्ट्या होत्या, आता तसं लाकूड मिळत नाही, प्रामाणिकपणे सांगतो मी लाकडासाठीच ठेवली होती.

रात्री पोती उघडली. एकूण अकरा फ्रेम. नेहरू, गांधी, दोन देवाची कॅलेंडरं काचेत घातलेली, एक गाडगेबाबा, एक समाजसुधारक आगरकर (हे बघून खरंच चाट पडलो) आणि तळाशी कर्मवीर अण्णांचा मोठा ब्रोमाइड फोटो, हाताने रंगवलेला. आजच्या पोरांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो, तेव्हा रंगीत फिल्म सगळ्यांना परवडायची नाही, मग ब्लॅक अँड व्हाईट फोटो मोठा करायचा आणि त्याच्यावर ब्रशने, कापसाच्या बोळ्याने पातळ रंग चढवायचे. माझे वडील करायचे हे काम, एका फोटोला दोन दोन दिवस जायचे. या अण्णांचे गाल रंगवणाऱ्याने जरा जास्तच गुलाबी केलेत पण दाढी काय जमलीय, एक एक केस सुटा दिसतो.

फ्रेमच्या मागचा तपकिरी कागद वाळवीने अर्धा खाल्लेला. उरलेल्या अर्ध्यावर शाईने लिहिलेलं, "इयत्ता सातवीच्या मुलांनी चार चार आणे वर्गणी काढून शाळेस भेट, सन १९६१". खाली फोटो स्टुडिओचा शिक्का, त्यातलं फक्त 'आर्ट' एवढंच वाचता येतं.

आता बघा, अण्णा गेले ९ मे १९५९ ला. म्हणजे ते गेल्यावर दोनेक वर्षांत खेड्यातल्या पोरांनी चार चार आणे गोळा करून हा फोटो शाळेला दिला, त्या काळात पोराच्या हातात चार आणे म्हणजे काय ते जुन्या माणसांना विचारा. आणि आपण तो पोत्यात घालून भंगारात.

बरं, त्याच्या जागी लावलंय काय, तर एक लांबलचक फ्लेक्स, त्यावर चौदा चेहरे ओळीने, सगळ्यांची कातडी सारखीच गोरी आणि गुळगुळीत, जसं काय सगळे एकाच ब्युटी पार्लरमधून आलेत. हल्ली ते एआय वर करतात. कोपऱ्यात फ्लेक्स देणाऱ्याचा फोटो, तो मात्र अगदी खराखुरा, जसा आहे तसा, आणि गाडगेबाबांपेक्षा मोठा!

गाडगेबाबांचंच घ्या. डोक्यावर गाडगं, हातात खराटा, अंगावर चिंध्या, एका कानात कवडी तर दुसऱ्या कानात फुटकी बांगडी, दोन पायात दोन तऱ्हेच्या चपला. हे काय त्यांचं ध्यान नव्हतं, हेच त्यांचं कीर्तन होतं, तोंड उघडायच्या आधी माणूस अर्धं बोलून झालेला असायचा. पोत्यातल्या फोटोत ती कवडी दिसते. फ्लेक्सवर कवडी नाही, बांगडी नाही, चिंध्यांच्या जागी स्वच्छ इस्त्रीचा सदरा. मग पोरं विचारणार कशी, गुरुजी यांच्या कानात हे काय आहे म्हणून? प्रश्नच संपला.

तसंच जोतिबांचं. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला सगळे सरदार दरकदार भरजरी कपड्यात आणि हा माणूस मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात जाऊन उभा राहिला, का, तर राणीच्या पोराला कळावं की खरा हिंदुस्थान असा दिसतो. ज्या माणसाने कपड्यातून एवढं सांगितलं त्याला आपण फ्लेक्सवर सोनेरी काठाचं रेशमी उपरणं देतो. फुल्यांचं मूळ गाव कटगुण आपल्या खटाव तालुक्यातलं, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव, म्हणजे दोन्हीकडून आपलीच माणसं, निदान सातारकरांनी तरी त्यांना नवरदेव नवरी करू नये. आणि अण्णा तर अनवाणी हिंडलेला माणूस, खादीच्या जाडसर कापडातला. परवा एका ठिकाणी त्यांची दाढी चक्क ट्रिम केलेली पाहिली, नट दिसतात तशी. मी दुकानात बसून एकटाच हसलो आणि मग राग आला.

दुसऱ्याला नावं ठेवतोय तर आपलंही सांगतो. पंचवीस तीस वर्षांपूर्वी रेडिमेड साइझच्या फ्रेम आल्या, बारा बाय अठरा वगैरे, तेव्हा जुना फोटो त्यात बसावा म्हणून मी खालचा पुठ्ठा सरळ कटरने कापायचो. त्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव उठवलेलं असायचं, गाव असायचं, कधी कधी वर्ष. किती कापले असतील मोजदाद नाही. मागचा कागद तर फाडून टाकायचाच, नवीन प्लाय ठोकायचा, गिऱ्हाईक खूष. आज कुणी विचारलं की हा फोटो कुणी काढला तर सांगणारा पुठ्ठा माझ्याच दुकानाच्या केरात गेलाय. त्यामुळे आता बोलायचा हक्क मला आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

लिहिलेल्या एका ओळीची किंमत साताऱ्यात तरी सांगायला लागू नये. ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर नावाच्या पोराचं नाव रजिस्टरला लागलं, क्रमांक १९१४. ते रजिस्टर कुणीतरी जपलं म्हणून आज अख्खं राज्य त्या तारखेला विद्यार्थी दिवस करतं. तेव्हाच्या कुणा कारकुनाला 'जुनं झालं, द्या रद्दीला' असं वाटलं असतं तर?

आगरकरांच्या फोटोकडे परत येतो, कारण त्यांचा फोटो मी इतक्या वर्षात हाताळलेला हा दुसरा की तिसरा असेल. कराडजवळ टेंभूला १८५६ साली जन्मलेला माणूस, पुण्यात लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि त्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आज टेंभू म्हणलं की उपसा सिंचन योजना, आगरकर कुणाला आठवत नाहीत. पाणी आलं ते चांगलंच झालं, पण फोटो एकातरी ऑफिसात असावा की नाही. अण्णांच्या शेजारी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा फोटोही क्वचितच दिसतो, बोर्डिंगच्या पोरांच्या पोटासाठी ज्या बाईने अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा मागे ठेवलं नाही. सांगलीकडच्या वाचकांनी म्हणू नये फक्त सातारचंच लिहिलं, १९४९ पर्यंत आपला जिल्हा एकच होता, येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील दोघांचेच. इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या त्यांच्या पत्री सरकारने रेल्वे आणि खजिने लुटले एवढंच सांगतात, हुंडा बंद करून कमी खर्चात गांधी लग्नं लावली ते कोण सांगत नाही, आणि फोटो लावला तर फेटा भगवा का तिरंगी यावर वाद.

औंधला एकदा जाऊन या. तिथल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर संग्रहालय उभं केलं, राजा स्वतः चित्रकार होता, आणि पुढच्याच वर्षी आपली सत्ता रयतेच्या हातात देऊन मोकळा झाला. आटपाडीच्या स्वतंत्रपूरचं खुलं कारागृह त्याच संस्थानातलं. एवढं करून त्यांचा फोटो कुठल्या ग्रामपंचायतीत बघितलाय का? मी तरी नाही. पण चित्र कसं जपायचं ते औंधला शिकायला मिळतं, कुणाचं आहे, कुणी काढलंय, पाटी लावलेली.

आता मागणी. साहेब, जयंतीला तुमचा पेपर आणि बाकीचे पेपरही फोटो छापतात, पण तो मूळ फोटो आहे, नंतर कुणी काढलेलं चित्र आहे की कॉम्प्युटरवर बनवलंय हे कधीच लिहीत नाहीत. माहिती असेल तर फोटोखाली बारीक अक्षरात एक ओळ द्या, चित्रकाराचं नाव, साल. माहिती नसेल तर 'काढलेलं चित्र' एवढं तरी. बारीक गोष्ट वाटेल पण इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं तोपर्यंत भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं, आणि लोक त्यालाच हात जोडत होते. छापून आलं की ते खरं होतं, ही ताकद तुमची आहे, आमची नाही.

आणि शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायतींना हात जोडून, नवीन लावा, फ्लेक्स लावा, काय लावायचं ते लावा, पण जुनी फ्रेम काढली की आधी उलटी करून मागचं वाचा, मोबाईलवर पुढून मागून फोटो घ्या. ओल्या भिंतीला फोटो टेकवू नका, भिंत आणि फ्रेममध्ये बुचाचे दोन तुकडे चिकटवले तरी वाळवी लवकर धरत नाही. कुंकू काचेला लावा, काच नसेल तर अजिबात लावू नका, ते निघत नाही. आणि तेलरंगाच्या चित्राला ओलं फडकं, साबण, खोबरेल असलं काही लावून पुसायला जाऊ नका, असं पुसून बिघडवलेली चित्रं माझ्याकडे येतात आणि मग मीही काही करू शकत नाही.

अण्णांचा तो फोटो माझ्याकडेच आहे. काच नवीन घातली, पुठ्ठा कापला नाही, वाळवीने सोडलेला अर्धा कागद प्लास्टिकमध्ये घालून मागे परत लावलाय. शाळेला दोनदा निरोप दिला, अजून कुणी न्यायला आलं नाही. १९६१ ला सातवीत असलेली पोरं आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेली असतील, त्यातलं कुणी हे वाचत असेल आणि चार आणे दिल्याचं आठवत असेल तर येऊन बघून जा, चहा माझ्याकडून. गुरुवारी दुकान बंद असतं.

आपला,
एक फ्रेमवाला, सातारा