नववा दिवस

इचलकरंजी,
२ डिसेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

सुमन बरी आहे, हे आधी लिहितो, नाहीतर पुढचं तू नीट वाचणार नाहीस. काल तिने स्वतः भाकऱ्या थापल्या. उजव्या हाताची ताकद अजून पूर्ण आलेली नाही, त्यामुळे भाकरी एका कडेला जाड राहते. पण उचलून तव्यावर टाकताना एकही मोडली नाही. चार भाकऱ्या झाल्यावर दमून खाली बसली आणि म्हणाली, "दत्ताभावजींना कळवा."

ऑगस्टमधल्या त्या रात्री तू सुरतेहून फोनवर ओरडलास, "तिचं डोकं उघडू देऊ नकोस. हल्ली मांडीतून तार घालून करतात. आईचं काय झालं ते विसरलास काय?" मी काही न बोलता फोन ठेवला आणि कागदावर सही केली. त्यानंतर आपण बोललो ते सगळं सुताच्या भावाचं आणि थकलेल्या बिलांचं. त्या सहीबद्दल तूही विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आता सांगतो. आणि काकूंबद्दलही, तुझ्या आईबद्दल, मला एक कळलंय, ते तुझ्यापर्यंत पोचवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सुरुवात खरं तर त्या रात्रीच्या दहा दिवस आधी झाली होती. कपडे वाळत घालताना सुमनचं डोकं अचानक असं उठलं की ती दोरी धरून खाली बसली. "कुणी तरी मागून घण घातला असं वाटलं," म्हणाली. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं, गोळ्या दिल्या. दोन दिवसांत उतरलं, आम्हीही विसरलो. ती मेंदूतल्या रक्ताची पहिली गळती असणार, असं पुढे सर्जन म्हणाले. एका क्षणात शिगेला पोचणारी, जन्मात कधी झाली नाही अशी डोकेदुखी झाली की तासाभरात सीटी स्कॅनच्या मशीनपाशी पोचायचं, हे तेव्हा माहीत असतं तर! पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटीतून हे रक्त सहसा निसटत नाही. दत्ता, तुझ्या घरात कुणाचं असं डोकं उठलं तर पित्त म्हणून सोडू नकोस, तुला माझी शपथ आहे.

दुसऱ्या खेपेला रात्रीची भांडी घासता घासता ती कोसळली. उलट्या झाल्या, मान लाकडासारखी ताठ. कोल्हापूरला पोचेपर्यंत बारा वाजले. सर्जननी मला स्क्रीनसमोर उभं केलं. एरवी काळ्या दिसणाऱ्या फटींमध्ये पांढरं भरलं होतं, आणि डाव्या कानाच्या वरच्या बाजूला लिंबाएवढी पांढरी गाठ साकळली होती. ते म्हणाले, सायकलच्या टायरला चीर पडली की ट्यूबचा फुगा बाहेर डोकावतो ना, तसं धमनीचं झालंय. जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे भिंत कमजोर असते, रक्ताचा मारा तिथेच बसतो, वर्षानुवर्षं फुगा वाढत जातो आणि एक दिवस फुटतो. आपण दोघांनी शाळेत असताना पंक्चरं काढलीत, मला यापेक्षा जास्त सांगावं लागलं नाही. आत्ता त्या भोकावर रक्ताची खपली धरली आहे, म्हणून ती जिवंत आहे. खपली निघाली तर दुसरा रक्तस्राव, आणि त्यातून वाचणारे फार थोडे. तो धोका पहिल्या चोवीस तासांत सगळ्यांत जास्त.

आता तुझ्या तारेबद्दल. तू चुकीचं बोलत नव्हतास. मांडीतून नळी सरकवत मेंदूपर्यंत नेतात आणि प्लॅटिनमची बारीक तार फुग्यात गुंडाळून तो आतून भरून टाकतात, त्याला कॉइल म्हणतात. भाचीने (ती एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे) नंतर मला २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला मोठा अभ्यास वाचून दाखवला. २१४३ रुग्ण होते. एका वर्षाने मेलेले किंवा परावलंबी झालेले मोजले, तर कॉइलवाल्यांत शंभरातले सुमारे २४ आणि डोकं उघडून फुग्याच्या मानेवर चिमटा, म्हणजे क्लिप, लावलेल्यांत ३१. म्हणजे दोन्ही चालतील अशा रुग्णाला कॉइल बरी. पण त्या अभ्यासात घेतलेच होते ते असे रुग्ण. सुमनच्या फुग्याचं तोंड रुंद होतं, तार आत टिकली नसती. शिवाय त्या तोंडातूनच धमनीचा एक फाटा निघत होता. आणि ती साकळलेली गाठ मेंदू दाबत होती, ती काढायला कवटी उघडणं भागच होतं. सर्जननी हे मला पाच मिनिटांत सांगितलं, घड्याळाकडे बघत. तुझा फोन आला तो त्याच पाच मिनिटांत.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला. सूक्ष्मदर्शकातूनच तो घेतलेला असतो. कपाळाच्या बाजूने, केसांच्या आतून चीर घेतली होती. मेंदूचे दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे एक फट असते, तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पडदा. तो बारीक कात्रीने तंतू-तंतू सोडवत ते आत गेले. मागावर गुंतलेल्या बीमची, सुताच्या रुळाची, तारन् तार न तोडता मोकळी करताना माग दुरुस्त करणाऱ्या आपल्या जॉबरचे हात कसे चालतात, ते तू पाहिलंयस. इथे प्रत्येक तार म्हणजे वाचा होती, हात होता. मेंदू कापून नाही, असलेल्या फटींतूनच वाट काढतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी समजत होतो, खोदकाम करतात.

मग तो दिसला. पिकत आलेल्या करवंदासारखा, एका बाजूला जांभळट काळा. भिंत इतकी पातळ की आत गरगरणारं रक्त बाहेरून दिसत होतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. सर्जननी फुग्याच्या अलीकडच्या मुख्य धमनीला तात्पुरती क्लिप लावली, त्याबरोबर करवंद मऊ पडलं. आता हातात मोजकी मिनिटं. मग कायमची क्लिप आली, टायटॅनियमची, माझ्या नखाएवढी. पकडीने दाबली की जबडा उघडतो, सोडली की मिटतो, आपल्या कपड्यांच्या चिमट्यासारखी. फुग्याच्या मानेवर ती मिटली आणि अलीकडची लगेच काढली. नंतर शिरेतून एक रंग सोडला, खास प्रकाशात सगळ्या धमन्या उजळून निघाल्या. तो फाटाही उजळला. फुगा तेवढा काळा राहिला. ती क्लिप सुमनच्या डोक्यात आहे आणि जन्मभर राहील.

त्या व्हिडिओनंतर मी भाचीच्या मागे लागलो, हे पहिल्यांदा कुणी केलं ते शोध म्हणून. १९३१ साली एडिंबरात नॉर्मन डॉट यांनी रुग्णाच्याच मांडीचा स्नायू काढून फुटलेल्या फुग्याभोवती गुंडाळला होता. मानेवर क्लिप पहिल्यांदा लावली ती बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी, मार्च १९३७ मध्ये, चांदीची. आणि सूक्ष्मदर्शकाखाली हे काम नियमित करायला शिकवलं ते झुरिकच्या याशारगिल यांनी, १९६७ पासून. सुमनला ज्या वाटेने उघडलं ती वाट त्यांनीच रुळवली. या तिघांची नावं मी माग-खात्याच्या वहीत लिहून ठेवली आहेत.

मला वाटलं, क्लिप लागली म्हणजे सुटलो. पण सांडलेलं रक्त मेंदूच्या धमन्यांना डिवचत राहतं. साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत त्या आवळू शकतात. त्यासाठी निमोडिपिनच्या गोळ्या, दर चार तासांनी, एकवीस दिवस. रात्री दोनलाही, पहाटे सहालाही. आठव्या दिवसापर्यंत सुमन माझ्याशी नीट बोलत होती. नवव्या दिवशी सकाळी मी चमचा पुढे केला तर म्हणाली, "धोटा द्या." मागावरचा धोटा! दोनदा तेच म्हणाली, आणि चूक कळून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उजवा हात चादरीवरून उचलेना. डॉक्टरांनी धावपळ करून सलाईन आणि औषधांनी तिचं बीपी मुद्दाम वर चढवलं, आवळलेल्या धमनीतून रक्त पुढे रेटायला. फुगा बंद केलेला होता म्हणून हे निर्धास्तपणे करता आलं. संध्याकाळी साडेपाचला तिने चमच्याला चमचा म्हटलं.

त्या दिवशी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर कोण बसलं होतं, माहीत आहे? तुझे आबा. सकाळी सातच्या एसटीने आले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, हातात केळी, डोळ्याला मोतीबिंदू. दिवसभर उठले नाहीत. रात्री मी म्हटलं, आबा, घरी चला. तर म्हणाले, "बारा वाजू देत. नववा संपू दे."

१९८६ साली आपण नववीत होतो. काकूंना असाच रक्तस्राव झाला म्हणून मुंबईला नेलं, गळ्यात सुई घालून धमन्यांचे फोटो काढले आणि मग नुसतं ठेवून घेतलं. नवव्या दिवशी दुसऱ्यांदा रक्तस्राव होऊन त्या गेल्या. आबांनी पैशासाठी वेळ काढला असं तू मानलंस, आणि सुरतेला गेलास तो तेच मनात धरून. मीही तसंच मानत होतो.

मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, त्या काळी पुष्कळ ठिकाणी असंच करत. ताज्या रक्तस्रावानंतर मेंदू सुजलेला, लाल असतो, हात लावला की बिघडतो, म्हणून दोन आठवडे थांबायचं आणि मग उघडायचं. उशिरा केलेली ऑपरेशनं चांगली होत, कारण तोवर जे जगले तेच टेबलावर येत. थांबताना गेलेले त्या हिशोबात नसत. लवकर करावं की उशिरा, यावर चौदा देशांतल्या साडेतीन हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला. तो छापून आला १९९० मध्ये, काकू गेल्यावर चार वर्षांनी. त्यात सगळ्यांत वाईट निघाले ते सातव्या ते दहाव्या दिवसात ऑपरेशन केलेले रुग्ण. म्हणजे आबांनी डॉक्टरांचे पाय धरून नवव्या दिवशी ऑपरेशन करायला लावलं असतं, तरी तो दिवसच वैऱ्याचा होता.

हे मी त्याच बाकावर आबांना सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिसऱ्या दिवशीच दोन माग विकले होते. पैसे बंडीच्या आतल्या खिशात होते, वरून पिन लावलेली. रोज डॉक्टरांना विचारायचो, आज करता का? म्हणायचे, थांबा." हे त्यांनी तुला कधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. "पोरगं चौदा वर्षांचं होतं," एवढंच म्हणाले.

सुमनचं पुढचं दाखवणं १९ तारखेला आहे, त्यानंतर माझं येणं-जाणं कमी होईल. तू आलास तर रात्रीच्या गाडीने ये, स्टँडवर मी असेन. आणि आबांना फोन संध्याकाळी सातनंतर कर, तोवर ते देवळातून परतलेले असतात. ऐकू कमी येतं, रिंग पूर्ण वाजू दे.

तुझा,
विलास