गॅसच्या फोटोला उत्तर का दिलं नाही

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री 'गॅस बंद आहे ना?' म्हणून तू रेग्युलेटरचा फोटो पाठवलास, मी उत्तर दिलं नाही. अकराला फोनही उचलला नाही. चिडला असशील. मी इकडे सांगलीत फोन उशाशी घेऊन जागीच होते.

तीन वर्षं 'हो रे, बंद आहे' म्हणत आले. आधी दिवसातून एकदा, मग सहा वेळा, मग व्हिडिओ कॉलवर शेगडी बघून. परवा तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बसवून सांगितलं, की माझं ते 'हो' हा तुझ्या मंत्रचळाचाच (त्या ओसीडी म्हणतात) भाग झालाय. तुला दहा मिनिटं बरं वाटतं आणि मन शिकतं, की विचारल्याशिवाय सुटका नाही. रागच आला मला. लेकराला आईनं धीर द्यायचा नाही तर कुणी?

मग तुझी पणजी आठवली. हात धुऊन धुऊन तिची सालं निघायची. घरातले म्हणायचे, सोवळं फार कडक! तिला कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही.

कुलूप एकदाच ओढून बघायचं, मागे न वळता निघायचं, छाती धडधडली तरी परत फिरायचं नाही, हा तुझा 'ईआरपी'चा, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण पुन्हा तपासायचं नाही या उपचाराचा, गृहपाठ आधी मला दुष्टपणा वाटला होता. पण 1966 मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी असे उपचार केले, तेव्हा रुग्णाला हात धुण्यापासून थांबवायला नर्सबाई सोबत असायच्या म्हणे. तुझ्यासोबत तिथे कुणी नाही. म्हणून निदान मी तरी आड येणार नाही.

गोळ्या 'काही उपयोग नाही' म्हणून मध्येच सोडू नकोस. मंत्रचळात त्यांचा डोस बऱ्याचदा उदासीच्या आजारापेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. तुझे पाचच झालेत. पोट बिघडत असेल तर बाईंना सांग, मनानं कमी करू नकोस. अगदीच जीव घाबरला आणि त्या भेटल्या नाहीत, तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा नंबर रात्रीही चालू असतो, मराठीत बोलतात.

माझा फोन बंद नाही. भूक, ऑफिस, रडू, कशासाठीही कर. गॅसचं विचारलंस तर मी एवढंच म्हणेन, 'बाईंनी काय सांगितलंय?' आणि तू आदळआपट केलीस तरी फोन ठेवणार नाही.

भडंग पाठवलंय. बाबांनी लसूण जास्त घातलाय.

तुझी आई