तक्रार: डस्ट कलेक्टरच्या खोक्यावर छापलेले १२०० सीएफएम आणि ३ एचपी

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: डस्ट कलेक्टरची दिशाभूल करणारी माहिती व निकृष्ट पिशवी याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

तुमच्या कंपनीचा एका पिशवीचा डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा आणि धूळ ओढून पिशवीत गोळा करणारे यंत्र, मी घरच्या सुतारकामाच्या खोलीसाठी घेतला. यंत्र बिघडलेले नाही, हे आधीच सांगते. बटण दाबले की सुरू होते आणि आवाजही भरपूर करते. माझी तक्रार खोक्यावरच्या आकड्यांबद्दल आहे. खोलीतल्या नळ्यांची सगळी मांडणी मी त्या आकड्यांवर बेतली, आणि ते आकडे एकमेकांशीच जुळत नाहीत.

खोक्यावर ठळक अक्षरांत 'हवेचा प्रवाह १२०० सीएफएम', म्हणजे मिनिटाला १२०० घनफूट हवा. आतल्या पत्रकात बारीक अक्षरांत तोंड ४ इंची आणि कमाल स्थिर दाब (पंखा जास्तीत जास्त देऊ शकेल तो दाब) ९ इंच उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. आता हिशेब तुम्हीच करून पाहा. ४ इंची तोंडाचे क्षेत्रफळ भरते सुमारे ०.०८७ चौरस फूट. त्यातून मिनिटाला १२०० घनफूट हवा जायची तर तिला ताशी जवळजवळ २५० किलोमीटरने पळावे लागेल. घर्षण, वळणे, पिशवी सगळे शून्य धरा, तरी हवेला नुसता तेवढा वेग देण्यातच पाण्याच्या सुमारे १२ इंचांएवढा दाब खर्ची पडतो. तुमचा पंखा जोर लावून देतो ९, आणि तेही तोंड पूर्ण बंद असताना, म्हणजे हवा वाहतच नसताना. तुमचे पत्रकच तुमच्या खोक्याला खोटे पाडते आहे, माझ्या साक्षीची गरजच उरत नाही.

फोनवर तुमच्या प्रतिनिधींनी सांगितले की ही मोजणी मोकळ्या पंख्याची आहे, पुढचे तोंड आणि पिशवी काढून केलेली, आणि 'सगळ्याच कंपन्या असेच मोजतात'. सगळे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. पिशवी न लावता डस्ट कलेक्टर चालवणारा माणूस मला तरी माहीत नाही. चालवलाच तर सगळा भुसा त्याच्याच अंगावर येईल.

हा आकडा ग्राहकाला कशासाठी लागतो तेही सांगते, कारण फोनवरच्या बोलण्यात त्याची कुणाला कल्पना असल्याचे जाणवले नाही. लाकडाचा भुसा नळीत खाली न बसता वाहत राहायचा तर हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. ४ इंची नळीत त्यासाठी ३५० सीएफएम पुरतात, ६ इंचीत पावणेआठशेच्या आसपास लागतात. १२०० वाचल्यावर कुणीही ६ इंची मुख्य नळी टाकेल, कारण रुंद नळीत अडथळा कमी. मीही तीच टाकली. टेबल सॉच्या (मेजात बसवलेल्या करवतीच्या) ४ इंची फाट्यात वेगमापक धरला तर सेकंदाला १५ मीटर, म्हणजे २६० सीएफएम. हीच हवा ६ इंची नळीत शिरली की वेग सात मीटरच्याही खाली. रंध्याची सालपटे तिथे आडव्या नळीच्या तळाला थर धरून बसतात. थर वाढला की त्याचा गोळा सुटतो आणि पहिल्याच वळणावर अडकतो. खरा आकडा छापला असता तर मी मुख्य नळी टाकलीच नसती. यंत्राला चाके लावून ज्या मशीनवर काम चालू असेल तिच्याशेजारी ते ओढत नेले असते.

दोष नळ्यांचा असेल, असे उत्तर मला आधीच मिळाले आहे, म्हणून तेही लिहिते. नळ्या आतून गुळगुळीत आहेत. घडीची लवचीक नळी फक्त शेवटच्या तुकड्यात आहे, कारण तिचा अडथळा साध्या नळीच्या जवळपास तिप्पट असतो. काटकोनी वळण कुठेच नाही. प्रत्येक ठिकाणी ४५ अंशांचे दोन तुकडे आणि मध्ये सरळ नळी. एका वेळी एकाच फाट्याचे गेट (हवा अडवणारी झडप) उघडे असते आणि सांधे टेपने बंद केलेले आहेत. एवढ्यावर थांबले नाही. सगळी मांडणी सोडून यंत्र आखूड नळीने थेट टेबल सॉला जोडून पाहिले. प्रवाह वाढला, पण चारशेच्या पुढे गेला नाही.

मोटरबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे वादाला जागाच नाही. खोक्यावर ३ एचपी आहे. मोटरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, ७ अँपिअर. गुणाकार केला तर १६१० वॉट, तेही आत जाणारे. ३ एचपी म्हणजे बाहेर मिळणारे सुमारे २२४० वॉट. आत १६१० घेऊन बाहेर २२४० देणारी मोटर तुमच्याकडे असेल तर डस्ट कलेक्टर विकत बसण्यात अर्थ नाही.

आता पिशवी. खरी चिंता मला तिची आहे. तुमच्या पत्रकाप्रमाणे ती ३० मायक्रॉन किंवा त्याहून जाड धूळ अडवते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फुफ्फुसात खोलवर उतरते ती धूळ १० मायक्रॉनहून बारीक असते, साध्या उजेडात डोळ्यांना दिसतही नाही आणि तासन्तास हवेत तरंगते. हे यंत्र ती मशीनजवळून ओढून घेते आणि पिशवीतून गाळून डोक्याच्या उंचीवर सोडते. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कापल्यावर खोलीत अंधार करून पिशवीच्या कडेने टॉर्च मारला तर झोतात पीठ उडताना दिसते. पिशवीला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्याची तर वेगळीच तऱ्हा. पिशवीची शिवण जिथे पट्ट्याखालून जाते तिथे फट राहते, आणि यंत्राच्या कड्यावर त्या जागी धुळीची पंख्यासारखी पसरलेली खूण उमटते. पुसली की पुढच्या कामात पुन्हा तिथेच.

'थोडे दिवस वापरा, पिशवी आपोआप चांगली गाळू लागेल,' असे मला सांगण्यात आले. यात अर्धे सत्य आहे. कापडाला आतून धुळीचा थर चढला की ती जास्त बारीक गाळते खरी, पण त्याच थराने हवा अडते आणि आधीच कमी असलेला प्रवाह आणखी घटतो. पिशवी झटकली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. असे असताना ज्या यंत्राच्या नावातच धूळ गोळा करणे आहे, त्यासोबत असली पिशवी देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत. या पिशवीऐवजी १ मायक्रॉनपर्यंत गाळणारा घड्यांचा कॅनिस्टर फिल्टर (डब्यासारखी गाळणी) आणि नीट बसणारा पट्टा विनामूल्य द्यावा. गाळणी बसवलेली असताना कोणत्या दाबाला किती हवा वाहते याचा आलेख मला पाठवावा आणि पत्रकातही छापावा. आलेख तुमच्याकडे नसेल तर १२०० हा आकडा कुठून आला ते लेखी कळवावे. यातले काही जमणार नसेल तर यंत्र तुमच्या खर्चाने परत न्यावे आणि पूर्ण रक्कम द्यावी. उत्तर १५ दिवसांत लेखी हवे, फोनवर नको. ते न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन.

पावती, मोटरच्या पट्टीचे छायाचित्र, खोक्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि वेगमापकाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. तुमचा माणूस तपासणीला येणार असेल तर त्याने स्वतःचे वेगमापक आणावे. पिशवी मी तोवर झटकणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक