शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील विमा संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 1.5 लाखावरून 5 लाख रुपयांवर नेण्यात आली. कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या कुटुंबांना हा फार मोठा आधार आहे. मात्र या योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाला घरी सोडल्यानंतरची तपासणी आणि औषधे 10 दिवसांपुरतीच धरलेली असतात. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत निर्माण झाली तर ती निस्तरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि त्या काळात रुग्णाच्या बाजूला उभी असतात ती त्याची मुले आणि पत्नी, ज्यांना कोणी काही शिकवलेले नसते.

माझ्या वडिलांची अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. अन्ननलिकेचा रोगट भाग काढून टाकल्यावर जठराची नळी तयार करतात आणि ती वर ओढून मानेत किंवा छातीत उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. वर ओढलेल्या त्या टोकाला रक्तपुरवठा कमी पडत असल्यामुळे हा जोड नाजूक राहतो. कुशल शल्यचिकित्सकाच्या हातूनही तो कधी कधी गळतो. वडिलांचा मानेतला जोड गळला, तेव्हा जखमेतून लाळ बाहेर येऊ लागली. याबद्दल माझी कोणत्याही डॉक्टरांविषयी तक्रार नाही. त्यांनी धोक्याची कल्पना आधी दिली होती आणि रुग्णालयात असेपर्यंत उपचारही मनापासून केले. माझे म्हणणे त्यानंतरच्या काळाविषयी आहे.

जोड भरून येईपर्यंत तोंडावाटे पाण्याचा थेंबही द्यायचा नाही आणि सारा आहार पोटावरच्या नळीतून थेट लहान आतड्यात सोडायचा, असे सांगून आम्हाला घरी पाठवले गेले. ही नळी बारीक असते. पेज किंवा नाचणीचे सत्त्व पातळ करून दोनदा वस्त्रगाळ केले नाही, गोळीची पूड नीट विरघळली नाही, किंवा प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पाणी सोडायचे राहिले, तर ती तुंबते. आमच्याकडे ती रात्री तुंबली. तालुक्याच्या रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी अशी नळी आपण हाताळलेली नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली तरी ती जवळच्या रुग्णालयात नेते. शस्त्रक्रिया झालेले रुग्णालय मात्र दुसऱ्या जिल्ह्यात होते. कोमट पाणी सिरिंजने हलक्या हाताने पुढे-मागे करायचे, तार घालायची नाही, आणि नळी निसटून बाहेर आली तर पोटावरचे छिद्र काही तासांतच आवळू लागते म्हणून सकाळची वाट न पाहता निघायचे, एवढे ज्ञान आम्हाला तुकड्यातुकड्याने, इतर रुग्णांच्या नातेवाइकांकडून मिळाले. डिस्चार्ज कार्डावरील सूचना इंग्रजीत होत्या, त्यातही निम्म्या आद्याक्षरांत. माझी आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि दिवसभर वडिलांजवळ तीच असे.

या आजारात सर्वांत कठीण काय, असे कोणी विचारले तर मी भुकेचे नाव घेईन. नळीतून पोषण पूर्ण मिळत असूनही भाताला वाफ आली की वडील स्वयंपाकघराकडे पाहत. आई त्यांच्या नजरेआड, उभ्यानेच चार घास खाऊन घेई. भेटायला येणारे आप्त कळवळून म्हणत, ‘अरे, घसा कोरडा पडलाय, चमचाभर पाणी तरी द्या.’ जन्मदात्याला पाणी नाकारण्याचे काम मुलाच्या वाट्याला येते, आणि त्यामागचे कारण दहा माणसांना पटवून द्यायचे असते. अशा वेळी सरकारी शिक्क्याचा, मराठीतला एक कागद हाती असता तर तो पुरेसा झाला असता. छातीत कफ साचू नये म्हणून तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढण्याचा व्यायाम करायचा असतो. खचलेला माणूस तो टाळतो, आणि त्यासाठी रोज वडिलांच्या मागे लागावे लागते ते वेगळेच.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमाच्या, म्हणजे मल-मूत्र बाहेर पडण्यासाठी पोटावर छिद्र केलेल्या, रुग्णांसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. तशा जाणकार परिचारिका प्रत्येक जिल्हा रुग्णालयात किमान दोन तरी असाव्यात, म्हणजे आहाराची नळी, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) किंवा स्टोमाची पिशवी यांसाठी मुंबई गाठावी लागणार नाही. योजनेतील प्रत्येक रुग्णालयाने घरी सोडताना मराठीत सूचना द्याव्यात, ताप, धाप, छातीत दुखणे, जखमेतून दुर्गंधीयुक्त स्राव ही धोक्याची लक्षणे त्यात ठळक छापावीत, नळीतून आहार देण्याचे काम नातेवाइकाकडून वॉर्डातच करवून घ्यावे आणि रात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक द्यावा. गुंतागुंत झालेल्या रुग्णांसाठी 10 दिवसांची अट जखम भरेपर्यंत शिथिल करावी. यांपैकी मराठी सूचनापत्राला तर फारसा खर्चही येणार नाही. आरोग्य विभागाने निदान त्याचा आदेश तातडीने काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, जि. सांगली