व्हीएसएमवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तुमच्या व्हीएसएमवरचा, म्हणजे चुंबकत्व मोजायच्या मशीनवरचा, ग्राफ गाईडना दाखवून आत्ताच लॅबमध्ये परतले. म्हटलं, आधी हे लिहावं.

माझं काम बिस्मथ फेराइटच्या नॅनोतंतूंवर. विद्युत ध्रुवीकरण आणि चुंबकीय रचना दोन्ही त्यात खोलीच्या तापमानालाही एकत्र नांदतात, म्हणून त्याचा एवढा बोलबाला. पण त्यातले स्पिन, म्हणजे अणूंची चिमुकली चुंबकं, 62 नॅनोमीटरच्या फेऱ्यात हळूहळू वळत जातात आणि एकमेकांना पुसून टाकतात. तंतू त्याहून बारीक असला की फेरा पुरा होत नाही, थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. ते 'थोडं' मोजणं म्हणजे माझी पीएचडी. भाजताना बिस्मथ उडून जातं वगैरे रडगाणं इथे नको.

आधी जिथे सॅम्पल दिलं होतं, तिथून चांगला ऐसपैस लूप, म्हणजे चुंबकत्वाचा वेटोळा आलेख, आला होता. तंतूंची चटई कशाने कापली, सॅम्पल ठेवायचा होल्डर पुसला होता का, असं विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, ग्राफ छान आलाय ना? मग?" फी मात्र जीएसटीसकट घेतली.

तुम्ही पाकीट उघडायच्या आधी स्टीलचा चिमटा टेबलाच्या पार टोकाला सरकवलात आणि ड्रॉवरमधून प्लास्टिकचा काढलात. मग नुसत्या रिकाम्या होल्डरचं माप घेतलंत. कुणी मागितलं नव्हतं, त्याचे पैसे लावले नाहीत, आणि जेवणाची वेळ तर केव्हाच टळली होती. तो ग्राफ वेगळा छापून त्यावर बॉलपेनने लिहिलंत, "हा वजा करूनच बघ, बाळ."

काका, लोखंडाचं चुंबकत्व ग्रॅममागे सुमारे 218 ईएमयू (हे चुंबकत्वाचं एकक). आमच्या तंतूंचं एकाच्याही खाली. म्हणजे ब्लेडवरून झडलेला, डोळ्यांना न दिसणारा एखादा कण परस्पर माझा 'शोध' लावून मोकळा! एवढासा अंश एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीत, दिसतही नाही.

नवा लूप किडकिडीत आलाय, पण माझ्या तंतूंचा आहे. गाईडचा चेहरा आधी उतरला, मग म्हणाले, "यावर पेपर होईल."

पेपरात मशीनचं मॉडेल छापतात, ते चालवणाऱ्याचं नाव नाही. संशोधनातल्या प्रामाणिकपणावर चहा-बिस्किटांसकट सेमिनार होतात, तिथेही तुम्हाला कुणी बोलावत नाही. थीसिसमध्ये तुमचं नाव मी घालणार, नको म्हणालात तरी.

पुढच्या महिन्यात लॅन्थॅनम घातलेले तंतू घेऊन येतेय. सकाळचा स्लॉट मिळतो का बघा, म्हणजे तुमचा डबा तरी वेळेवर उघडेल.