येळवसला येतो

आई, बाबा,

फोनवर सांगायला चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा "जेवलात का" विचारून ठेवून दिला, म्हणून लिहायलोय. बाबा, हे ताईच्या पोराकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावून तुम्हीच वाचा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

मी पुण्यातली नोकरी सोडली. नवीन नोकरी आफ्रिकेत आहे, मोझांबिकला, नाकाला म्हणून बंदर आहे तिथं. तुरीच्या खरेदीचं काम. दोन वर्षांचा करार आहे, मेच्या शेवटी निघायचं, सही करून झालीय. दिवाळीत आलो तेव्हाच हे सगळं चालू होतं. आई, तू विचारलीस पण, "फोन घेऊन सारखं गच्चीवर कामून जायलास?" आणि मी ऑफिसचं आहे म्हणलो. तेवढं चुकलं माझं.

बाबा, तुम्ही काय म्हणणार ते माहीत आहे. "मी जन्मभर डाळमिलमध्ये धूळ खाल्ली ती तू परत तुरीतच जावं म्हणून का." पण ऐका जरा. इंटरव्ह्यूला टेबलावर पाच वाट्यांत तूर ठेवली होती, मी सवयीनं एक दाणा उचलून दाताखाली धरला तर समोरचे हसायला लागले. कट् वाजला तसा म्हणलो, ओलावा साडेअकराच्या आसपास असंल, ही बर्माची लेमन, ही आपल्याकडची लाल, आणि त्या कडेच्या वाटीत दोन माल मिसळलेत. मीटर लावला तर अकरा पॉइंट सात. माझ्याआधी दोन पोरं आली होती, एमबीए, इंग्रजी फाडफाड, त्यांना चावायचं सुचलंच नाही म्हणे. कसं सुचंल, त्यांना कुणी रविवारी मार्केट यार्डात पोत्यावर बसवून "हातात घे, वास घे, मग बोल" म्हणलंच नव्हतं. पुण्यात चौदा वर्षं कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या मालाचे आकडे भरले, त्याचं एक अक्षर कुणी विचारलं नाही.

तुम्हीच सांगायचात ना, लातूरला डाळमिली कामून आल्या ते. काळ्या रानात तुरीचं मूळ खोल जातं, वरून पाऊस दगा दिला तरी ती तग धरती, आणि तेल लावलेली तूर वाळवायला ऊन लागतं ते आपल्याकडं फुकट. कोकणात तशी अंगणात पसरली असती तर बुरशीच चढली असती. त्यात १९११ ला बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि माल बाहेर जायला वाट झाली. म्हणजे ज्या उन्हाला आपण शिव्या देतो त्यावरच आपलं घर चाललं की हो. पुण्यात माझ्यासोबत एक शिवकाशीचा होता, त्याचं गावही असंच कोरडं, पाऊस नाही, शेती नाही. तिथले दोघं चुलतभाऊ शंभर एक वर्षांपूर्वी कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचं काम शिकून आले, आणि ज्या कोरड्या हवेत पीक येत नाही तीच काडेपेटीला आणि फटाक्याला मानवली. बीडकडच्या टोळ्या कोयता घेऊन दर दसऱ्यानंतर निघतात ते पण त्याच कोरड्यापायी. आपलं माणूस बाहेर जातंच, बाबा. मी तर पगारी जायलोय, उचल घेऊन नाही.

आणि खरं सांगू का, लातूरला राहून मी डॉक्टर झालो नाही याचं मला अजून लाज वाटल्यासारखं होतं. वर्गातली निम्मी पोरं आज दवाखाना टाकून बसलीत. पॅटर्नच्या गावात सीईटीत कमी पडलेलं पोरगं म्हणजे लग्नात सुद्धा लोक हळूच विचारायचे, "मग आता काय?" तुम्ही कधी बोलला नाहीत, पण त्या वर्षी तुम्ही यार्डातनं उशिरा यायला लागलात ते मला कळत होतं. पुण्यात पहिल्या वर्षी "मी जेवण केलो" म्हणलो की पोरं हसायची, मग मी केलं-केलं म्हणायची प्रॅक्टिस केली, आता घरी आलो की परत केलोच निघतं तोंडातनं.

काकांचं अवघड आहे. ते विचारणार, आणि बरोबरच विचारणार, की बाहेरची तूर आली की आपला भाव पडतो आणि आता आपलंच पोरगं तिकडून भरून पाठवणार का. २०१५ ला डाळ किलोला दोनशे रुपयाला गेली, २०१६ ला सरकारनं मोझांबिकशी करार केला, आणि त्याच साली आपल्याकडं तूर इतकी पिकली की हमीभाव क्विंटलला ५०५० असून बाजार त्याच्या खाली. काकांची पोती सोप्यात पडून होती, मी विसरलो नाही. याला माझ्याकडं धड उत्तर नाही. तिकडचा शेतकरी पण आपल्यासारखाच, दोन-तीन एकरवाला, तूर स्वतः फारशी खात नाही, आपल्यासाठीच पेरतो, एवढं वाचलंय. काकांना तुम्ही सांगू नका, मी पाडव्याला येऊन स्वतः सांगतो, चार शिव्या देतील, खातो.

आई, तुझ्याबद्दल लिहायला घेतलं की हात थांबायलाय. तू अजून दाराकडं डोकं करून, कडी न लावता झोपतीस. मी पाच वर्षांचा होतो, मला भूकंपाच्या त्या रात्रीचं एवढंच आठवतं की गणपती आदल्या दिवशी गेले होते आणि तू मला पदरात गुंडाळून अंगणात बसलीस, उजाडलं तरी आत गेली नाहीस. किल्लारीला मामांच्या त्या दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं धाबं, उन्हाळ्यात किती गार लागायचं, मी तिथल्या जमिनीवर पोट टेकवून झोपायचो. तेच धाबं. जाऊ दे. माझ्या पुण्याच्या घरात पलंगाच्या वर एक फळी नाही, चिऊ विचारती सगळ्यांकडं आहे आपल्याकडं कामून नाही, मी काही सांगत नाही. आणि २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षापासून भाज्या धुतलेलं पाणी मी पण बादलीत धरतो, सुषमा हसायची, आता तीच धरती.

माझी काळजी करू नका. कंपनीची खोली आहे, मच्छरदाणी आहे, मलेरियाच्या गोळ्या इथूनच नेतो. मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवून खातात तिकडं, आपल्या घाट्याचाच भाऊ, जमंल. काळा मसाला मात्र दोन किलो लागंल, आई. तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडं संध्याकाळचे पाच, रोज तेव्हाच फोन करणार. सुषमा आणि चिऊ पुण्यातच राहतील, उन्हाळ्याची सुट्टी पूर्ण तुमच्याकडं.

आता ऐका आणि कटकट करू नका. बाबा, श्वासाचा पंप सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ओढायचा, बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही, आणि ओढल्यावर चूळ भरायची. सकाळी सवयीनं मिलकडं फिरायला जाता ते बंद. गप्पा मारायच्या तर आत धुळीत नाही, चहाच्या टपरीवर. स्कूटीची चावी ताईकडं दिलीय, ती तुम्ही मागायची नाही. आई, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मी जायच्या आत करायचं, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, "तुझं जाणं होऊ दे मग बघू" चालणार नाही. भाकरीला बाई सांगितलीय, तिच्या भाकरीला नावं ठेवायची नाहीत, निदान पहिला महिना. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस शनिवारी येईल, त्याला परत पाठवू नका. इन्व्हर्टरचं पाणी ताईचा पोरगा बघंल.

दिवाळीला मी नसेन. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत तिकडची तूर बंदरावर येती, मान वर करायला सवड नसती. पण आपली तूर कापायला येती तेव्हा त्यांची पेरणी होऊन बसलेली असती, काम कमी. म्हणून येळवसची रजा करारातच लिहून घेतलीय, त्यांना येळवस म्हणजे वेळ अमावस्या, रानात जाऊन पूजा आणि जेवण, एवढं सांगायला अर्धा तास गेला. आंबील तूच कर, आई, भज्जीला कोण मदतीला येतंय येऊ दे, पण आंबिलीला कुणाला हात लावू देऊ नको. रानातल्या कडब्याच्या कोपीवर "ओलगे ओलगे सालम पोलगे" चिऊ म्हणंल, मी तिला शिकवायलोय.

आणि बाबा, पहिला माल आला की त्यातली मूठभर तूर पुडीत बांधून पाठवायची सोय बघतो. तोवर दातांच्या डॉक्टरकडं जाऊन ती हलणारी दाढ दाखवा. तुम्ही दाणा फोडून कसा वाजला ते सांगितल्याशिवाय मी भाव बोलणार नाही.

तुमचा,
बाळू