पंप बसवण्याआधी, नितीनला पत्र

अकोला

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ झोप लागली नाही. दहावीला आपण दोघं मागच्या बाकावर शर्ट वर करून डायबिटीसच्या इन्सुलिनची सुई टोचून घ्यायचो, आणि आता तू इन्सुलिनचा पंप लावणार! फार बरं वाटलं रे. पण तू म्हणालास, "सगळ्यात फास्ट इन्सुलिन कुठलं ते सांग, डॉक्टरांकडे तेच मागतो." त्यावर मी घाईत काहीतरी बोलून गेलो. ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

टोचायच्या पेनवर आपली दोन इन्सुलिनं असतात, रात्रीचं लांब पल्ल्याचं ग्लार्जिन आणि जेवणाचं जलद. पंप आला की ग्लार्जिन बंद. जलद इन्सुलिनच थेंबाथेंबाने चोवीस तास जात राहतं आणि जेवायच्या वेळी तेच जास्त सोडायचं. म्हणजे ते जेवणावर किती लवकर धावतं एवढंच बघून चालत नाही. कॅन्युलातून, म्हणजे कातडीखालच्या केसाएवढ्या नळीतून, अंगाच्या उबेत, दोन-तीन दिवस ते न अडकता वाहिलं पाहिजे. माझ्या मते निवड इथेच होते.

इन्सुलिनचे कण सहा-सहाच्या घोळक्यात बसलेले असतात. सुटे झाल्याशिवाय रक्तात जात नाहीत. साध्या इन्सुलिनला त्यात अर्धा तास जातो. १९९६ साली लिस्प्रो हे जलद इन्सुलिन आलं, त्यात साखळीतले शेजारचे दोन दुवे उलटे केले, त्यामुळे घोळका पटकन मोडतो. अ‍ॅस्पार्टमध्ये त्यातला एक दुवा बदललाय. दोन्ही दहा ते वीस मिनिटांत लागू होतात आणि तीन ते पाच तास टिकतात. जगभर पंपात वर्षानुवर्षं हीच दोन जास्त चालत आली आहेत. ग्लुलिसिनही तितकंच जलद, पण पंपात ते ४८ तासांनी बदलायला सांगतात आणि नळी तुंबण्याचं प्रमाण त्याच्यात जास्त दिसलंय. नव्या पिढीत अ‍ॅस्पार्टलाच ब-३ जीवनसत्त्वाची जोड दिलेलं एक आहे. ते काही मिनिटं आधी सुरू होतं. असंच एक अधिक जलद इन्सुलिन मी मध्यंतरी घेतलं. पहिले दोन दिवस जेवणानंतरचे आकडे सुरेख यायचे. तिसऱ्या दिवशी सेटच्या, म्हणजे नळी आणि कॅन्युलाच्या, जागी जळजळ, आणि शुगर कारण नसताना वर. कित्येकांना ते छान मानवतं, मला नाही मानवलं.

तू सध्या पेनमध्ये अ‍ॅस्पार्ट घेतोस ना? मग माझा आग्रह आहे, पंपातही तेच भर. मशीन नवं, बेसल (ते चोवीस तासांचं थेंबाथेंबाचं) नवं, त्यात इन्सुलिनही नवं घेतलंस तर शुगर चढल्यावर दोष कशाचा ते कळणारच नाही. तीन महिने जाऊ दे, आकडे बसू दे, मग हवं तर डॉक्टरांशी बदलाचं बोल.

आणि मेडिकलवाल्याकडून घेताना बाटलीवर मिलीला १०० युनिट लिहिलंय ना, ते दर वेळी स्वतः वाच. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या ४० युनिटच्या बाटल्या सर्रास मिळतात. पंपाचा हिशोब १०० चा असतो. चुकून दुसरी भरली तर निम्माही डोस पोटात जाणार नाही.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याची मला खरी काळजी वाटते. यातलं कुठलंही इन्सुलिन ३७ अंशांच्या वर गेलं की टाकून द्यायचं, आणि मे महिन्यात तुमच्याकडे सावलीतही पारा त्याच्या वर असतो. पंप शर्टाच्या आत, अंगालगत ठेव, गाडीच्या डिकीत कधीच नको. रिझर्व्हायर, म्हणजे पंपातली इन्सुलिनची टाकी, गच्च भरू नकोस, तीन दिवसांपुरतंच भर. बाटली घरी फ्रिजच्या दारात ठेव, बर्फाच्या कप्प्यात नाही.

आता मागच्या वर्षीचं सांगतो. भाचीच्या लग्नात माझी कॅन्युला आत वाकली होती आणि मला पत्ताच नाही. अंगात लांब पल्ल्याचं काहीच नसतं, त्यामुळे चार तासांत शुगर ३८०, पोटात मळमळ, केटोनची (इन्सुलिन कमी पडलं की लघवीत उतरतं ते) पट्टी गडद जांभळी. दोन वेळा पंपातून डोस दिला, आकडा हलेना. शेवटी बायकोने पर्समधून पेन काढलं. पेनने टोचलं, सेट बदलला, तेव्हा कुठे संध्याकाळी उतरली. शुगर २५० च्या वर गेली आणि पंपाच्या एका डोसने उतरली नाही, तर पंपावर विसंबू नकोस. पेन घे, केटोन बघ, सेट बदल. जलद इन्सुलिनचं एक पेन कायम खिशात असू दे, आणि ग्लार्जिनचंही एक घरात, पंप बिघडला तर किती घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन.

डोसचं तेच ठरवतील. बहुधा आताच्यापेक्षा थोडा कमी करून सुरुवात करतील, घाबरू नकोस.

सेट लावायचा दिवस ठरला की कळव, मी दोन दिवसांची रजा टाकून येतो. पहिल्या रात्री दोन-दोन तासांनी शुगर बघावी लागते. वहिनींना झोपू दे, मी जागतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास